गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, ती कोण सांगतं ते वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा आणि प्रकल्पांचे दिवस आले की झेरॉक्सच्या दुकानांत कादंबऱ्यांच्या तयार नोट्सची चळत लागते. मोबाइलवर तर दहा मिनिटांत अख्खी कादंबरी सांगणारे व्हिडिओ हवे तेवढे. मी उच्च माध्यमिकात मराठी शिकवत असे. अडलेल्या मुलाने आधार शोधला तर माझी तक्रार नाही. पण अनेक निवेदकांच्या कादंबरीलाही मुलं हाच उपाय करतात, तेव्हा जीव तुटतो.

माझ्या भाचीला कॉलेजात प्रकल्पासाठी शिवाजी सावंतांची १९६७ सालची ‘मृत्युंजय’ मिळाली. तिच्या हातातल्या नोट्सचं पहिलंच वाक्य होतं, ‘कर्ण हा कुंतीचा ज्येष्ठ पुत्र’. त्यावर पिवळा मार्कर फिरवलेला. अहो, हे तर गोव्यातल्या पोराला कीर्तनातून, दशावतारातून, जत्रेच्या नाटकातून शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं! सारांशात जे मिळतं ते आपल्याकडे आधीपासूनच आहे. सावंतांनी नवं केलं ते वेगळंच. त्यांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, कर्णाची पत्नी वृषाली, त्याचा धाकटा भाऊ शोण आणि श्रीकृष्ण या सहा जणांना ‘मी’ म्हणून बोलायला लावलं.

कर्ण स्वतःची गोष्ट सांगायला लागतो तेव्हा तो राधेचा मुलगा आहे. अंगावरची कवचकुंडलं कुठून आली, शोणाला ती का नाहीत, हे त्याला कळत नाही. कुंती बोलते तेव्हा आपल्याला सगळं कळतं, त्याला मात्र नाही. पुढे कर्णाचं प्रत्येक पान आपण हे ओझं घेऊन वाचतो. नोट्सच्या त्या पहिल्या वाक्याने हे ओझंच काढून घेतलं. दुर्योधनाचंही तसंच. नोट्समध्ये तो ‘मत्सरी खलनायक’ म्हणून एका ओळीत निकालात निघतो. कादंबरीत तो स्वतःची बाजू स्वतः मांडतो, आणि त्यातलं किती खरं मानायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं असतं. शेवट श्रीकृष्णाच्या तोंडून येतो, कारण तोवर कर्णाचा ‘मी’ थांबलेला असतो.

आपल्या जत्रेच्या नाटकात प्रत्येक नट आपापली नक्कल, म्हणजे आपल्या वाट्याची वाक्यं, पाठ करतो; अख्खं नाटक उभं राहतं ते रंगमंचावर. इथे तो रंगमंच म्हणजे वाचक. त्याची जागा दुसऱ्या कुणी घेऊन चालत नाही.

भाचीला मी एवढंच सांगितलं की नोट्स बाजूला ठेव आणि वहीत प्रत्येक निवेदकाला एक पान दे. हा कुणाबद्दल बोलतो, याला काय माहीत नाही, कशावरून घाईने पुढे जातो, एवढंच लिही. एकच माणूस दोघांच्या बोलण्यात आला की ती पानं शेजारी ठेव. शोणाचा कर्ण आणि वृषालीचा कर्ण शेजारी ठेवल्यावर ती माझ्याशी वाद घालायला लागली. तो वाद कुठल्याच नोट्समध्ये नव्हता. जमलं तर मैत्रिणींनी एकेक निवेदक वाटून घेऊन मोठ्याने वाचावं. आवाज बदलला की माणूस लगेच कळतो.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘कथानक थोडक्यात लिहा’ हा प्रश्न अशा कादंबरीवर काढूच नका. हा भाग वृषालीकडेच का दिला असेल, तोच कर्णाने सांगितला असता तर काय हरवलं असतं, असं विचारा. पाठ केलेलं उत्तर तिथे चालणार नाही.

आणि वाचनालयांनी अशा पुस्तकांच्या तीन-चार प्रती ठेवाव्यात, परतीची मुदतही वाढवून द्यावी. पणजीत पाटोला मोठं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, पण सत्तरी किंवा काणकोण तालुक्यातल्या मुलाला तिथे दर आठवड्याला कसं जमणार? गावातली एकुलती एक प्रत दुसऱ्याकडे असेल आणि झेरॉक्सचं दुकान बसस्टँडवरच असेल, तर तो नोट्सच घेणार.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा, गोवा