४५ पॉइंटचं राहू दे, ४००० शब्दांचं सांग

प्रिय ओम,

आईचा आयबी डिप्लोमाला (म्हणजे अकरावी-बारावीच्या दोन वर्षांच्या त्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट कोर्सला) विरोध आहे असं तू बाबांना सांगितलंस म्हणे. विरोध नाहीये रे. समोर बसून बोलायला गेलं की पाच मिनिटात "हो गं, कळलं" म्हणून उठतोस, म्हणून लिहितेय. आयबीचं सापडेल ते सगळं वाचून काढलंय मी, त्यातून जे वाटलं ते एकदा सांगून टाकते.

पहिलं म्हणजे हे ऐच्छिक आहे, हे तुमच्या ग्रुपमधे कोणाच्या लक्षातच नाहीये असं वाटतं. शाळेचा नेहमीचा अभ्यासक्रम आहेच आणि तो करून मुलं चांगल्या ठिकाणी जातातच की. शिवाय मधला एक रस्ता आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही, अख्खा डिप्लोमा न घेता आयबीचे दोन-तीनच विषय घ्यायचे, त्यांची परीक्षा द्यायची, त्या विषयांचे ग्रेड रीतसर मिळतात, फक्त डिप्लोमा मिळत नाही. तुमची शाळा असं करू देते का ते विचारावं लागेल. १९६८ मधे जिनिव्हात हे सगळं सुरू झालं तेव्हा साधी गरज होती, आईवडिलांच्या बदल्यांमुळे देश बदलत फिरणाऱ्या मुलांना कुठल्याही देशातल्या युनिव्हर्सिटीत चालेल असं सर्टिफिकेट हवं होतं. हुशार मुलांचा बिल्ला वगैरे आपण पालकांनी नंतर चिकटवलंय त्याला.

आता विषय. सहा घ्यावे लागतात, त्यातले तीन (फार तर चार) हायर लेव्हलला (एचएल), बाकी स्टँडर्डला (एसएल). एचएलला २४० तास शिकवणं धरलेलं असतं, एसएलला १५०, पण नुसते तास जास्त असं नाही, पेपर पण खोलात जातात. तुला फिजिक्स, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स तिन्ही एचएल हवंय ते कळतंय मला, पण उरलेल्या तीनमधे एक साहित्य, एक दुसरी भाषा आणि एक इकॉनॉमिक्स किंवा इतिहास असं काहीतरी येणारच, ते चुकत नाही. सहात एक आर्ट्सचा विषय धरलेला असतो, तो नको असेल तर त्याच्या जागी दुसरा विषय घेता येतो, भाषेला मात्र पर्याय नाही. कवितेवर दोन पानं लिहायची म्हटली की तुझं पोट दुखतं, इथे दोन वर्षं तेच करायचंय, आणि तेही अभ्यास म्हणून, पाठांतर म्हणून नाही. मॅथ्स पण दोन प्रकारचं आहे, अॅनालिसिस वेगळं आणि अॅप्लिकेशन्स वेगळं, इंजिनीअरिंगला बऱ्याच ठिकाणी अॅनालिसिस आणि तेही एचएल मागतात, तेव्हा मित्रांनी काय घेतलं ते बघून टिक करू नकोस, ज्या कोर्सला जायचंय त्याच्या साइटवर बघ.

पॉइंटचं तू सारखं बोलतोस म्हणून तेही सांगते. प्रत्येक विषयाला ७, म्हणजे ४२, आणि थिअरी ऑफ नॉलेज (टीओके, आपल्याला जे कळतं ते कसं कळतं यावर विचार करायचा विषय) अधिक एक्स्टेंडेड एसे (स्वतः संशोधन करून लिहायचा मोठा निबंध) मिळून ३, असे ४५. पास व्हायला २४. हे ऐकायला सोपं वाटतं पण खाली अटी आहेत बघ, तीन एचएल विषयांत मिळून १२ यायलाच हवेत, कुठल्याही विषयात १ चालत नाही, टीओके किंवा एसेत ई ग्रेड आली की बाकी कितीही असो डिप्लोमा गेला. कॅसला (क्रिएटिव्हिटी, अॅक्टिव्हिटी, सर्व्हिस, म्हणजे कला, खेळ आणि समाजसेवा) तर मार्कच नाहीत, पण ते पूर्ण नाही केलं तरी डिप्लोमा नाही. दीड वर्ष चालतं ते. फुटबॉल बसेल त्यात, फक्त नुसतं खेळून भागत नाही, काय शिकलास ते लिहीत राहावं लागतं आणि इतरांबरोबर मिळून निदान महिनाभराचा एक प्रोजेक्ट करावा लागतो. लिहिणं आलंच परत.

पण मला खरं विचारायचंय ते एक्स्टेंडेड एसेबद्दल. तुम्ही सगळे त्याला एक कटकट समजताय आणि मला त्या अख्ख्या कार्यक्रमात हीच एक गोष्ट वाटते जिच्यासाठी डिप्लोमा घ्यावा. जास्तीत जास्त ४००० शब्द, प्रश्न तुझा तू शोधायचा, सुपरवायझर असतात पण ते सगळं मिळून तीन ते पाच तास तुझ्यासाठी देणार, बाकीचे साधारण ४० तास तू एकटा. आता तू त्या वळणाऱ्या फ्री किकचे व्हिडिओ रात्री स्लो करून बघत असतोस ना, तिथून प्रश्न निघू शकतो. "चेंडू का वळतो" हा प्रश्न नाही, त्याचं उत्तर मॅग्नस इफेक्ट म्हणून कुठेही मिळतं. पण "चेंडूचं फिरणं वाढवलं तर त्याचा मार्ग किती जास्त वाकतो" असं धरलंस तर मोजावं लागेल, प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात चेंडू सुटेल अशी काहीतरी जुगाडू मशीन बनवावी लागेल, व्हिडिओतून एकेक फ्रेम मोजावी लागेल, अर्धे आकडे फेकून द्यावे लागतील आणि मग ग्राफ पुस्तकातल्यासारखा येणार नाही तेव्हा का नाही आला हे चार पानं समजावून सांगावं लागेल. हे तुला आवडेल का? मला वाटतं आवडेल, पण माझ्या वाटण्याला इथे किंमत नाही. आणि हाच प्रयोग फिजिक्सच्या आयएला (इंटर्नल असेसमेंट, शाळेतच करून द्यायचं त्या विषयाचं काम) पण चालवून टाकू असं मनात आणू नकोस, एकच काम दोन्हीकडे देता येत नाही. एआयकडून लिहून घ्यायचा विचार तर नकोच, वापरलं तर तसं नमूद करावं लागतं आणि स्वतःचं म्हणून दिलं तर ते गैरवर्तन धरतात.

दुसऱ्या वर्षाचं पण बघून ठेव. सगळ्या विषयांचे आयए, एसेचं शेवटचं रूप, टीओकेचा १६०० शब्दांचा निबंध आणि युनिव्हर्सिटीचे अर्ज, हे सगळं जवळपास एकाच काळात अंगावर येतं, आणि बऱ्याच ठिकाणी अर्जाबरोबर शिक्षकांनी आधीच अंदाजाने दिलेले प्रेडिक्टेड ग्रेड जातात, म्हणजे शेवटच्या परीक्षेत काढू भरून असं म्हणून चालत नाही. तुझी शेवटच्या आठवड्यात पेटायची सवय शाळेत चालून गेली, इथे अवघड आहे, हे मी टोमणा म्हणून नाही सांगत. एसे पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीतच बराचसा उरकावा लागेल. हां, चांगल्या एचएल ग्रेडना काही युनिव्हर्सिटी क्रेडिट देतात, पण प्रत्येकीचा नियम वेगळा, त्या भरवशावर घेऊ नकोस.

तर असं कर. रविवारपर्यंत मला चार-पाच प्रश्न लिहून दाखव ज्यांच्या मागे वर्षभर लागायची तुझी तयारी आहे. फुटबॉलचाच पाहिजे असं नाही, कुठल्याही विषयातला चालेल. त्यातला एक जरी खरोखर तुझा वाटला तरी मी फॉर्मवर सही करते, साहित्याच्या पेपरचं काय ते आपण बघू. नाहीच सुचलं काही तर फिजिक्स आणि मॅथ्स दोनच आयबीचे घे, बाकी नेहमीचं, त्यात कमीपणा काही नाही आणि बाबांना मी समजावते. आणि कोऑर्डिनेटर मॅडमना विचारून ठेव की वर्ष सुरू झाल्यावर एचएलचं एसएल करायचं झालं तर कधीपर्यंत करता येतं, तारीख नीट लिहून आण, "बहुतेक चालतं" असं नको.

आई