समुद्र घरात आलाय, आधी नळाचं पाणी द्या

संपादक महोदय,

इंडोनेशियात जावाच्या उत्तर किनाऱ्यावर, डेमाक जिल्ह्यात तिंबुलस्लोको नावाचं छोटं गाव आहे. एकेकाळी तिथे भातशेती व्हायची, मग कोळंबीची तळी आली, खारफुटी गेली आणि त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी उपसून उपसून जमीनच खचत गेली, आता समुद्र थेट घरात. लोक भर टाकून घराची जमीन उचलतात पण छप्पर तिथंच राहतं, त्यामुळे दारातून वाकूनच आत जायचं, ये-जा लाकडी फळ्यांवरून! तरुण पोरं कारखान्यांत कामाला जातात. २०१५ पासून डेमाकमध्ये काटक्यांचे बंधारे घालून गाळ अडवायचा, खारफुटी परत वाढू द्यायची असं काम झालं, खरंच चांगलं, पण जमीन खचतच राहिली तर ते टिकणार कसं? बोअरवेल बंद करून तिथे आधी नळाचं पाणी पोचवायला हवं.

– एक वाचक, रत्नागिरी