मिस्त्रीकाका, उंबरठा कोरडा आहे

आदरणीय मिस्त्रीकाका,

सादर नमस्कार.

पत्रास कारण की, काल रात्रीच्या मुसळधार पावसात आमच्या फाटकापासून दारापर्यंतच्या काँक्रीटवर पाणी साचलं नाही. बॅटरी घेऊन मी मुद्दाम बाहेर जाऊन पाहिलं. दारासमोरच्या नालीच्या जाळीखाली पाणी खळखळत होतं आणि उंबरठा कोरडा होता. तेव्हाच ठरवलं, तुमचे आभार चारचौघांत मानायचे.

चार पावसाळे ते डबकं आम्ही सोसलं. दोनदा वरून सिमेंटचा पातळ थर मारून घेतला, दोन्ही वेळा वर्षाच्या आत पापुद्रे सुटले. कडेच्या शेवाळावरून आई घसरली, तिचं मनगट मोडलं. तुम्हाला बोलावलं तेव्हाही मी तिसऱ्या थराचंच बोलत होते.

तुम्ही आधी नळी लावून पाणी सोडायला सांगितलंत. पाणी जिथे अडलं तिथली कड खडूने आखलीत. मग गज आपटत फिरलात. ठणठणीत आवाज एका जागी एकदम बद्द झाला. "खालची माती वाहून गेलीय, ताई. वर कितीही थापा, ते खचणारच." लेव्हलच्या नळीने मोजल्यावर कळलं, मीटरला निदान 1 सेंटीमीटर ढाळ हवा, आमच्याकडे शेवटच्या 3 मीटरचा ढाळच उलटा, घराकडे. ज्या भिंतीच्या ओलीवर आम्ही रंगावर रंग चढवत होतो, तिचं मूळ तिथे होतं!

खचलेला तुकडा कापून काढलात, भराव थराथराने ठोकलात, नवं काँक्रीट ढाळात ओतलंत. दारासमोरच्या जुन्या भागाचा उलटा ढाळ मोडायचा तर सगळंच उखडावं लागलं असतं. त्याऐवजी तिथे आडवी नाली काढलीत, तळाला ढाळ देऊन, आणि शेवटी गाळ अडवायला चेंबर. छपराचा पाईप थेट काँक्रीटवर ओतत होता, तोही बाजूला वळवलात. हे तर मी सांगितलंही नव्हतं.

मजुरी चुकती झाल्यावरही 7 दिवस रोज येऊन नव्या काँक्रीटवरचं गोणपाट ओलं आहे ना, ते हात लावून पाहत होतात. पूर्ण ताकद यायला 28 दिवस लागतात म्हणून गाडी तोवर बाहेरच ठेवायला लावलीत. तेव्हा मी कुरकुरले, त्याबद्दल माफ करा.

आज सकाळी चेंबर उघडून गाळ काढला, अर्धी बादली निघाला. आई शेजारीच उभी होती, कुणाचा हात न धरता.

आपली कृतज्ञ,
उलट्या ढाळाच्या घरातली ताई