जहाजाच्या पाहुण्यांना मुंबई पायी दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मुंबईत परदेशी प्रवासी जहाजांचा हंगाम सुरू होतो. बॅलार्ड पिअरला जहाज सकाळी लागते आणि बहुतेकदा संध्याकाळीच सुटते. उतरलेल्या पाहुण्यांना बसमध्ये बसवून धोबीघाट, हँगिंग गार्डन, मणिभवन, गेटवे अशी चक्कर मारून आणतात. पेडर रोड आणि मरीन ड्राइव्हच्या सिग्नलवरच त्यांचा निम्मा दिवस सरतो. या पाहुण्यांना शहर दाखवणाऱ्या आम्हा मार्गदर्शकांचे म्हणणे एवढेच, की जहाजाच्या एका थांब्यात मुंबई पाहायची तर ती बंदराच्या ग्रीन गेटच्या दोन किलोमीटरच्या परिसरात, पायी पाहावी. अनेक वाचकांचे परदेशातले आप्त हल्ली जहाजाने येतात आणि या धंद्यात नवे तरुणही उतरत आहेत. त्यांच्यासाठी तपशील देत आहोत.

आधी तासांचा हिशेब. जहाज सात ते सहा धक्क्यावर असले, तरी हाताशी अकरा तास नसतात. इमिग्रेशनची रांग तासभर सहज घेते. सगळे एकदम उतरले तर दोन तास. परत जहाजावर चढण्याची शेवटची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि गेटवरच्या तपासणीसाठी आणखी अर्धा तास धरावा लागतो. उरतात साधारण साडेसात तास. त्यात घड्याळाचा घोळ असतो. दुबईची वेळ आपल्या दीड तास मागे आहे. दुबईहून आलेल्या पाहुण्याच्या मनगटावरचे घड्याळ तिथल्याच वेळेवर राहिले, तर त्यात साडेतीन वाजलेले असताना इथे पाच झालेले असतात. पाहुणे भेटताच घड्याळ तपासायला सांगा. इमिग्रेशनचा शिक्का मारलेला कागद आणि जहाजाचे कार्ड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. परतताना दोन्ही लागतात. न्यायला येणाऱ्या नातेवाइकांना आत सोडत नाहीत, त्यामुळे भेटीचे ठिकाण ग्रीन गेटबाहेरचेच ठरवावे. सॅटेलाइट फोन आणि गिर्यारोहकांची उपग्रहावर चालणारी संदेशयंत्रे परवान्याशिवाय आपल्याकडे बेकायदा आहेत, ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. या वस्तू केबिनमध्येच ठेवून उतरायला आधीच कळवा.

घारापुरीला जायचेच, असा अनेकांचा हट्ट असतो. गेटवेहून लाँचने जायला एक तास आणि यायला एक तास. शिवाय लाँच भरण्याची वाट पाहणे, जेट्टीवरून चालणे, सुमारे १२० पायऱ्या आणि लेण्यात किमान तासभर. एकूण साडेचार तास धरा. म्हणजे त्या दिवशी घारापुरी किंवा शहर, यांतले एकच होते. सोमवारी लेणी बंद असतात, तरी सोमवारी गेटवेवर तिकीट विचारत उभे असलेले पाहुणे दिसतातच. जाणाऱ्यांनी पहिल्या लाँचने जावे आणि लाइफ जॅकेट अंगात घालून, बंद बांधूनच बसावे. घारापुरीच्या लाँचला डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या अपघातानंतर तरी ते बाकाखाली पडलेले दिसू नये.

आता पायी वाट. ग्रीन गेटवरून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेला निघाले की अर्ध्या तासात गेटवे येतो. सकाळी समुद्राच्या बाजूने उजेड असतो, गर्दी कमी असते. तिथून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे जुने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, दहा मिनिटांवर. ते सव्वादहाला उघडते. गेटवे, म्युझियम आणि बॅलार्ड इस्टेट या तिन्हींमागे जॉर्ज विटेट हा एकच वास्तुरचनाकार आहे, हे सांगितले की पाहुणा इमारतींकडे नीट पाहू लागतो. म्युझियमच्या भिंतीपाशी त्याला थांबवा आणि दगड दाखवा: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. वर पाहिले की घुमटात विजापूरचा गोलघुमट आठवतो. आत सगळे पाहण्याच्या फंदात पडू नये. शिल्पे आणि लघुचित्रे यांना दीड तास पुरे.

पुढे काळा घोड्यावरून ओव्हल मैदान. मैदान ओलांडणाऱ्या मधल्या पायवाटेवर उभे राहिले की एका हाताला विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, दुसऱ्या हाताला आर्ट डेको इमारतींची रांग. २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेलेला ठेवा एका जागी उभे राहून दोन्ही अंगांनी दिसतो. अशी जागा जगात फार थोड्या शहरांत असेल, आणि पर्यटकांच्या बस तिच्या कडेने न थांबता निघून जातात! नंतर हुतात्मा चौक. तिथे फ्लोरा फाउंटनचा फोटो काढून पुढे सरकू नका. मशाल धरलेल्या तिथल्या दोन पुतळ्यांपुढे पाच मिनिटे उभे राहून संयुक्त महाराष्ट्राचा लढा सांगा. मग हॉर्निमन सर्कल, टाउन हॉलच्या पायऱ्या आणि बॅलार्ड इस्टेटमध्ये जेवण. तिथल्या इराण्याकडचा बेरी पुलाव दुपारपुरताच मिळतो.

सीएसएमटी मुद्दाम शेवटी ठेवा. दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्याने सकाळी सूर्य इमारतीच्या मागे असतो आणि फोटो काळे येतात. तीनच्या सुमारास महापालिकेसमोरच्या पदपथावरून पाहावे. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ तेव्हा उजेडात असतात. तिथून ग्रीन गेट पंधरा-वीस मिनिटांवर. सगळी वाट सहा-सात किलोमीटरची आहे आणि सपाट आहे. माणशी एक लिटर पाणी, टोपी आणि पन्नास-शंभराच्या नोटा जवळ हव्यात, कारण परदेशी पाहुण्याकडे बहुधा यूपीआय नसते आणि पाचशेचे सुटे मिळत नाहीत. रविवारी फोर्टातले रस्ते मोकळे असतात, पण बाजार आणि खाण्याच्या बऱ्याच जागा बंद असतात.

चालणे जमत नसेल त्यांनी टॅक्सी करावी, पण गेटवर मिळणारा भाव नीट ऐकावा. तो डॉलरमध्ये असतो आणि माणशी की गाडीचा हे मोघम ठेवलेले असते. रुपये, पूर्ण गाडी, किती तास, कुठल्याही दुकानात थांबायचे नाही आणि पैसे परत आल्यावर, हे बसण्याआधीच बोलून घ्यावे. दुकानाचे कमिशन मिळते म्हणून चालक तिथे नेतो, तासभर गालिच्यांत जातो आणि मग परतीची धावपळ होते. परतताना नुसते ‘क्रूझ’ म्हटले तर गाडी भाऊच्या धक्क्याला किंवा गेटवेला जाऊ शकते. ‘ग्रीन गेट, बॅलार्ड पिअर’ असे देवनागरीत लिहिलेली चिठ्ठी पाहुण्याच्या खिशात असावी.

यातल्या बऱ्याच अडचणी बंदर प्राधिकरण आणि महापालिका थोड्या खर्चात दूर करू शकतात. ग्रीन गेटबाहेर मराठी-इंग्रजी नकाशाचा फलक लावावा आणि त्यावर अंतर मिनिटांत द्यावे. प्रीपेड टॅक्सीचे टेबल जहाजाच्या दिवशी तरी मांडावे. गेटवे ते सीएसएमटी या पट्ट्यातली स्वच्छतागृहे त्या दिवशी दोनदा धुतली जावीत आणि ती नकाशात दाखवावीत. वयस्क पाहुणे याच एका अडचणीपायी बस सोडायला धजत नाहीत. वर सांगितलेली चिठ्ठी जहाजाच्या एजंटमार्फत उतरतानाच हातात पडावी. पुढच्या हंगामाचे वेळापत्रक बंदराकडे आधीच आलेले असते, त्यामुळे तयारीला अवधी आहे. फलकाचा मजकूर आणि चालण्याचे मार्ग आम्ही विनामूल्य तयार करून देऊ.

आपले,
जहाजावरील पर्यटकांना शहर दाखवणारे काही मार्गदर्शक
फोर्ट, मुंबई