डंखानंतर पित्त उठले नाही, तरी अ‍ॅलर्जीच

संपादक महोदय,

गडावर आग्या मोहोळ उठले, एकाची शुद्ध हरपली, की ‘घाबरला’ किंवा ‘ऊन लागले’ म्हणून त्याला सावलीत बसवतात. ही चूक जिवावर बेतू शकते.

शरीरातील मास्ट पेशींत हिस्टामिनसारखी, अ‍ॅलर्जीची लक्षणे घडवणारी रसायने भरलेली असतात. सिस्टेमिक मॅस्टोसायटोसिस या दुर्मीळ आजारात या पेशी बेसुमार वाढतात. अशा माणसाला मधमाशीचा किंवा गांधील माशीचा एक डंखही पुरतो. रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, रक्तदाब कोसळतो. पुष्कळदा अंगावर पित्त उठत नाही, ओठही सुजत नाहीत. म्हणून अ‍ॅलर्जीचा संशयच येत नाही.

त्याला आडवे झोपवावे, पाय उंच ठेवावेत. दाब पडलेला असताना उभे करून चालवत खाली नेऊ नये. हृदयाकडे रक्त परतेनासे होते. औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन. 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम असलेल्या अँप्यूलमधून मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मांडीच्या मधोमध, बाहेरच्या बाजूला, स्नायूत. 5 मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा. इन्सुलिनची सुई आखूड असते, औषध चरबीतच राहते. इंचभर लांबीची सुई हवी. आधी एव्हिल (अ‍ॅलर्जीविरोधी औषध) आणि हायड्रोकॉर्टिझोन (स्टेरॉइड) टोचून वाट पाहण्याची सवय मात्र सोडायलाच हवी. एव्हिलने खाज थांबते, कोसळलेला दाब वर येत नाही. रुग्ण रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकरच्या गोळ्या घेत असेल तर अ‍ॅड्रेनॅलिनही कमी पडू शकते. तेव्हा ग्लुकागॉनचे इंजेक्शन लागते.

जीव वाचला की निदान राहून जाते, याचे फार वाईट वाटते. लक्षणे सुरू झाल्यापासून अर्ध्या ते दोन तासांत, फार तर चार तासांत, ट्रिप्टेजसाठी, म्हणजे मास्ट पेशींतून रक्तात येणारा पदार्थ मोजण्यासाठी, रक्त घ्यावे. पूर्ण बरे वाटल्यावर किमान 24 तासांनी पुन्हा घ्यावे. या दुसऱ्या आकड्याची 1.2 पट अधिक 2, याहून पहिला आकडा मोठा निघाला तर मास्ट पेशी फुटल्या होत्या. म्हणजे नंतरचा 10 (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) असेल, तर आधीचा 14 च्या वर हवा. नंतरचाच 20 च्या वर राहिला, तर केआयटी (मास्ट पेशींची वाढ ठरवणारे जनुक) या जनुकाची आणि अस्थिमज्जेची तपासणी करावी. आजार ठरल्यास डंखाच्या विषाची लसोपचार पद्धती सहसा आयुष्यभर चालू ठेवावी लागते.

ग्रामीण रुग्णालयात ट्रिप्टेज होत नसेल, तरी डिस्चार्ज कार्डावर एवढे लिहावे: ‘डंखानंतर शुद्ध हरपली, पित्त नव्हते.’ पुढच्या शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ तेच वाचणार आहे.

– एक डॉक्टर, सातारा