कॅम्परमध्ये ऊब हवी, पण हवा बंद करून नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन हिमाचलातला बर्फ पाहायला जाणारी कुटुंबे आता कोल्हापुरातही वाढू लागली आहेत. 3 ऑक्टोबर 2020 रोजी मनालीजवळचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांग खिंड बर्फाखाली असतानाही लाहौलपर्यंत गाडी नेता येऊ लागली. त्यामुळे टेम्पो ट्रॅव्हलर किंवा जुनी व्हॅन घ्यायची, तिच्यात झोपायला बाकडी आणि छोटा ओटा बसवून घ्यायचा आणि भर हिवाळ्यात उत्तरेकडे निघायचे, असा बेत अनेक जण आखतात. मी शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या बॉडीचे काम करतो. अशा कॅम्पर गाडीसाठी येणारे गिऱ्हाईक हीटर किती मोठा बसेल हे आवर्जून विचारते, मात्र रात्री आत ताजी हवा कुठून येणार हे सहसा कोणी विचारत नाही. ही काळजी वाटते म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आपल्याकडे पारा 14-15 अंशांवर आला की रंकाळ्यावर कानटोप्या दिसू लागतात. हिमाचलातल्या केलाँग किंवा काझा येथे जानेवारीतल्या रात्री तो शून्याच्या बराच खाली जातो. तिथे कुडकुडणारा माणूस काचा घट्ट लावून आत कोळशाची शेगडी पेटवतो किंवा स्वयंपाकाच्या गॅसचा बर्नर चालू ठेवून झोपतो. बंद जागेत हवा अपुरी पडली की जळण नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंगही नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि उंचावर गेलेला माणूस हा विरळ हवेचा त्रास समजून तसाच पडून राहतो. झोपेत असलेल्याला तर काही कळतच नाही. डिसेंबर 2024 मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले, आणि जनरेटरचा हाच वायू आत शिरल्याचे तपासात पुढे आले. तिथे तर बर्फाचा प्रश्नही नव्हता. बर्फात रात्रभर इंजिन चालू ठेवणे याच कारणाने घातक ठरते, कारण सायलेन्सरभोवती बर्फ साचला की धूर गाडीखालीच कोंडतो आणि फटींतून आत येतो.

योग्य उपाय म्हणजे गाडीसाठी मिळणारा डिझेल हीटर. त्याची ज्वाला बंद कप्प्यात असते, जळणासाठीची हवा तो बाहेरून घेतो, धूर नळीने बाहेरच सोडतो आणि आत फक्त तापलेली स्वच्छ हवा येते. त्याच्या धुराच्या नळीचा सांधा मात्र कधीही गाडीच्या आत ठेवू नये आणि नळीचे तोंड खिडकीखाली काढू नये. उंचावर हवा विरळ असल्यामुळे आतले जळण अर्धवट होते आणि काजळी धरते. म्हणून उंचीनुसार डिझेल कमी करण्याची सोय असलेलाच हीटर घ्यावा. त्याला बॅटरीही लागते, आणि थंडीत बॅटरीची ताकद बरीच घटते. लिथियमची बॅटरी तर शून्य अंशाखाली चार्ज करू नये, ती कायमची बिघडते. साध्या डिझेलमध्ये कडाक्याच्या थंडीत मेण धरते आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले ते याचसाठी.

तरीही हीटर हे दुसरे काम आहे. आतली ऊब बाहेर जाऊ न देणे हे पहिले. लादी, छत आणि पत्र्याच्या भिंतींना फोमचे अस्तर हवे, आणि पत्र्यामागच्या लोखंडी बरगड्याही झाकायला हव्यात. सर्वांत जास्त ऊब काचांतून जाते, म्हणून प्रत्येक काचेच्या मापाचे जाड पडदे शिवून घ्यावेत. ओलाव्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. एक किलो गॅस जळला की साधारण दीड किलो पाण्याची वाफ होते, त्यात माणसांच्या श्वासाची भर पडते आणि ही सगळी वाफ थंड पत्र्यावर जाऊन बसते. अशा सहलीहून परतलेल्या गाडीचे प्लायवुड आम्ही उघडतो तेव्हा बरगडीच्या कडेने गंजाची तांबूस रेघ उमटलेली असते, लाकडावर बुरशीचे काळे ठिपके असतात आणि स्क्रूच्या डोक्याभोवती प्लाय फुगून मऊ झालेला असतो. छतातला झरोका आणि खाली एक जाळी रात्रभर थोडी उघडी ठेवली तर ओल आणि विषारी वायू या दोन्हींचा धोका बराच कमी होतो. त्याने थोडी ऊब जाते, हे मान्य आहे, आणि ती भरून काढायला पट्टणकोडोलीच्या घोंगडीसारखे पांघरूण मला दुसरे माहीत नाही. लोकर ओल शोषून घेते आणि तरीही अंगाला गार लागत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या रचनेत बदल करायला परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आणले आहे. झोपण्याची सोय असलेल्या प्रत्येक गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि बंद न करता येणारी हवेची जाळी असल्याशिवाय ही मंजुरी देऊ नये, अशी माझी परिवहन खात्याला विनंती आहे. हा अलार्म झोपणाऱ्याच्या उशाच्या उंचीवर लावावा. गॅसगळतीचा अलार्म मात्र लादीजवळ हवा, कारण स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. नियम होईल तेव्हा होईल; तोवर उद्यमनगरातल्या माझ्या व्यवसायबंधूंनी गिऱ्हाईक मागो अथवा न मागो, हे दोन अलार्म आणि ती जाळी खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच ओळीत धरावी.

आपला,
एक बॉडी-कारागीर, शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर