काळी माती आहे म्हणून काटोलात कॉफी होत नाही

प्रति,
मा. संपादक,
नागपूर

महोदय,

आमच्या माहेरी काटोलजवळ वडिलांनी लावलेला चार एकर संत्र्याचा बगीचा आहे. आता तो धाकटा भाऊ पाहतो. पंधरा दिवसांपूर्वी रात्री नऊ वाजता त्याचा फोन आला. आंबिया बहारासाठी झाडांचं थांबवलेलं पाणी पुन्हा सुरू करायचे, म्हणजे ताण तोडायचे दिवस असल्यामुळे मोटरीचं किंवा पाण्याचं काही असेल असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "ताई, गावात कॉफीची रोपं घेऊन टेम्पो आलाय. साठ रुपयाले एक. ते पोट्टं सांगून रायलं का जगातली चांगली कॉफी ज्वालामुखीच्या मातीत होते, अन् आपली काळी माती ज्वालामुखीचीच हाय. संत्र्याच्या दोन ओळींत लावून द्यायची. घेऊन टाकू का दोनशे?"

दोनशे रोपांचे बारा हजार रुपये होतात. खड्डे, ठिबकच्या नळ्या आणि मजुरी वेगळी. मी त्याला थांबवलं. त्या आठवड्यात काटोल आणि नरखेडकडच्या तीन ओळखीच्या घरांतून हीच विचारणा आली, म्हणून हे पत्र वर्तमानपत्राला लिहिते आहे. मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या मुलानं सांगितलेलं कोणतंही एक वाक्य खोटं नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. खरी वाक्यं एकामागे एक लावून तो चुकीच्या जागी पोचतो आणि सोबत शेतकऱ्यालाही नेतो.

आपली काळी माती लाव्ह्याच्या खडकाची आहे, हे मी स्वतः पोरांना शिकवलं आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती टेकडी त्याच काळ्या बेसाल्टची. आठवीचा वर्ग मी दरवर्षी तिथल्या खडकाला हात लावायला नेत असे. नागपूर हे दख्खनच्या लाव्ह्याच्या अगदी पूर्व काठावर वसलं आहे. इथून पुढे भंडाऱ्याकडे गेलं की फार जुने, वेगळेच खडक लागतात. पण हा लाव्हा वाहिला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी. तेव्हापासून तो ऊनपावसात झिजून, कुजून, बारीक होत होत चिकणमाती झाला आहे. पावसात ती फुगते, चपलेला किलोभर चिकटते आणि मार्च-एप्रिलात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. खोडाशी पाणी साचलं की संत्र्याला डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागतो, हे आपल्या पट्ट्यात लहान पोरालाही ठाऊक आहे. साचलेलं पाणी कॉफीच्या मुळांनाही तितकंच नकोसं असतं.

जिवंत ज्वालामुखीची माती कशी असते ते मी हातात घेऊन पाहिलं आहे. जुलै 2019 मध्ये आम्ही निवृत्त शिक्षिकांचा एक गट बालीला गेलो होतो. उबुदहून गाडी वर किंतामणीकडे निघाली तशी एकेकीनं शाल काढली. वर काठावर उभं राहिलं की समोर बातुर पर्वत, त्याच्या पायाशी चंद्रकोरीसारखं तळं, आणि उतारावर काळा पट्टा दिसतो. तो 1963 च्या उद्रेकातला लाव्हा, म्हणजे माझ्या वयाच्याच आसपासचा. 1926 च्या उद्रेकानं खालचं बातुर गाव गिळलं. गावकऱ्यांनी आपलं देऊळ वर काठावर आणून पुन्हा बांधलं आणि आजही तिथे पूजा चालते. शाळेत खडूनं काढलेल्या आकृत्या एकीकडे आणि ते दृश्य एकीकडे. मी बराच वेळ कठड्यापाशी उभी होते.

तिथल्या एका कॉफीच्या बागेत वाकून मूठभर माती उचलली. जाड राखेसारखी, काळसर, हलकी. मूठ उघडली की बोटांतून गळून गेली, तळव्याला चिकटली नाही. धो धो पाऊस पडला तरी त्या मातीत पाणी उभं राहत नाही आणि मुळांना हवा मिळते. शिवाय राख ताजी असल्यामुळे तिच्यातली खनिजं अजून विरघळून संपलेली नाहीत. फुकटचं वरदान मात्र तीही नाही. अशी राखेची माती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते आणि झाडाला सहज सोडत नाही, म्हणून शेणखत आणि पालापाचोळा सतत घालावाच लागतो. थोडक्यात, आपली माती आणि ती माती यांचं मूळ एका जातीचं, पण वयात कोट्यवधी वर्षांचा फरक. आजोबाचं आणि तान्ह्या बाळाचं रक्त एक असलं म्हणून दोघांचं जेवण एक होत नाही.

आणि माती हे निम्मं कारणही नाही. खरं कारण उंची. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. अरेबिका या जातीच्या कॉफीला वर्षभर 15 ते 24 अंशांच्या दरम्यानचं तापमान मानवतं. थंडाव्यात फळ सावकाश पिकतं, बी टणक भरते, आणि त्या सावकाशीतच तिच्यात गोडवा व आंबटपणा उतरतो. ग्वाटेमालातलं अँटिग्वा दीड हजार मीटरवर आहे. भोवती तीन ज्वालामुखी आहेत आणि त्यातला फुएगो अजून राख उडवतो. तिथे राखही आहे आणि उंचीही. काटोल समुद्रसपाटीपासून चारशे-सव्वाचारशे मीटरवर आहे आणि मे महिन्यात तिथे पारा पंचेचाळिसाला टेकतो. उन्हाळ्यात संत्र्याचीच पानं गुंडाळतात. त्या झाडाच्या अर्ध्या सावलीत कॉफीचं कोवळं रोप कसं तगेल?

ज्वालामुखी नसतानाही उत्तम कॉफी होते, याचे पुरावे आपल्याच देशात आहेत. कर्नाटकातली बाबाबुदनगिरी घ्या. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणून तिथे लावल्या असं सांगतात. तो डोंगर ज्वालामुखी नाही, तिथले लोहखनिजाचे खडक अडीच अब्ज वर्षांहून जुने आहेत. आंध्रातलं अराकू खोंडालाइट नावाच्या खडकावर आहे. तिथले आदिवासी शेतकरी हजार मीटरच्या आसपास झाडांच्या सावलीत कॉफी करतात. 2019 मध्ये या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्या टेम्पोतल्या पत्रकावर धुराचा डोंगर छापलाय, अराकूचं नाव कुठेच नाही.

आता एक गोष्ट मला कबूल करायची आहे, कारण भावाच्या मनात हे खूळ शिरण्यात माझाही हात आहे. किंतामणीच्या त्या बागेत कॉफीच्या ओळींमध्ये चक्क संत्र्याची झाडं होती! आपल्या संत्र्याच्याच जातकुळीतली, फळांनी वाकलेली. शेजारच्या कॉफीवर लाल फळं, वर सावलीला पांगाऱ्याच्या जातीचं झाड. मला गहिवरून आलं. त्या रात्री हॉटेलातून व्हिडिओ कॉल करून मी भावाला आणि भाच्याला ते सगळं दाखवलं, "बघा, संत्र्यात कॉफी!" म्हणून ओरडले. तिथल्या कॉफीला संत्र्यासारखा वास येतो म्हणतात. मी प्याले, आंबटसर होती आणि कडवटपणा थोडा. ते चित्र सहा वर्षं भावाच्या डोक्यात राहिलं आणि टेम्पो आल्यावर वर आलं. त्या कॉलवर मी उंचीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. तो आज बोलते आहे: तिथे संत्रा थंड डोंगरावर चढून कॉफीला भेटला आहे, कॉफी खाली उतरून त्याच्याकडे आलेली नाही.

किंतामणीत लावलेल्या वाणांपैकी एक आहे एस 795. हा वाण आपल्या चिकमगळूर जिल्ह्यातल्या बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रात तयार झाला आणि तिथून इंडोनेशियात गेला. त्याही आधी, 1696 मध्ये, डचांनी जावात लावायला कॉफीची रोपं नेली ती मलबारातूनच. म्हणजे बियाणं आपण दिलं, आणि ते वाढवून नाव कमावणं त्यांनी केलं. कसं केलं, हे बघण्यासारखं आहे.

बागेत एक बाई कॉफी तोडत होती. फांदीला हिरवी, पिवळी, लाल अशी सगळी फळं होती आणि ती एकेक लाल फळ चिमटीनं फिरवून काढत होती. हिरवं तसंच राहू देत होती. त्याच झाडाकडे ती काही दिवसांनी पुन्हा येणार. आमच्या ड्रायव्हरनं दुभाष्याचं काम केलं. ती म्हणाली, निव्वळ लाल माल नेला तर जास्त भाव, मिसळ नेला तर कमी. तिथल्या शेतकऱ्यांच्या 'सुबक अबियान' नावाच्या जुन्या संस्था आहेत. देवळाच्या पूजेपासून कॉफीच्या नियमांपर्यंत सगळं त्या ठरवतात. लाल तोडणीचा नियमही त्यांनीच पाळायला लावला. मग फळं पाण्यात टाकून तरंगणारी पोकळ बाजूला काढायची, साल उतरवायची, चिकट गर सुटेपर्यंत बी आंबवायची, धुवायची आणि उन्हात वाळवायची. 2008 मध्ये इंडोनेशियातलं पहिलं भौगोलिक मानांकन या कॉफीला मिळालं. (पर्यटकांना उदमांजराच्या विष्ठेतली कॉफी दाखवायला नेतात, तिथे मी गेले आणि लगेच बाहेर पडले. पिंजऱ्यातली ती जनावरं बघवत नव्हती. त्याला कृपया कुणी मोठेपणा देऊ नये.)

जगात खास दर्जाची म्हणून जी कॉफी विकली जाते तिची परीक्षा कच्च्या बीपासून सुरू होते. 350 ग्रॅम बी पसरून त्यातली काळी, आंबलेली, किडकी मोजतात. मोठा दोष एकही चालत नाही. मग चव घेऊन शंभरपैकी गुण देतात आणि ऐंशी किंवा त्याहून जास्त मिळाले तरच ती खास. एक हिरवं फळ टोपलीत पडलं की ते पुढे कपापर्यंत जातं.

विदर्भात कॉफी करायचीच असेल तर ती जागा आहे आपल्या चिखलदऱ्यात. अकराशे मीटरच्या आसपास उंची, भरपूर पाऊस, इंग्रजांच्या काळापासूनची कॉफी, आणि खाली तोच बेसाल्ट. मागच्या डिसेंबरात मी तिथे गेले होते. एका बागेत एक कोरकू बाई तोडणी करत होती. ती फांदी मुठीत धरून खाली ओढत होती, हिरवं, लाल, काळं सगळं एकदम टोपलीत. मी विचारलं, हिरवं का नाही सोडत? ती म्हणाली, "बाई, पैसे वजनावर. हिरवं सोडलं तर टोपली कधी भरंन?" तिचं काहीच चुकलेलं नाही. एक किलो बी मिळायला पाच-सहा किलो फळ लागतं आणि निवडून तोडायला दुपटीनं वेळ. त्या वेळेचे पैसे कुणी देत नसेल तर ती का निवडेल? घरी आणलेल्या पाकिटावर डोंगराचं चित्र होतं. ज्वालामुखीची माती असंही लिहिलं होतं. तोडणीचं साल मात्र नव्हतं, आणि कॉफी कडू व उग्र लागली.

संत्र्याचंही आपण हेच करतो. 2014 पासून नागपुरी संत्र्याला मानांकन आहे. किती बागायतदारांनी त्याचा शिक्का पेटीवर मारला? माझा भाऊ उभा बगीचा व्यापाऱ्याला देतो. व्यापाऱ्याची माणसं येतात, एका दिवसात मोठं, बारीक, पिकलेलं, हिरवट सगळं उतरवतात आणि कळमन्याच्या बाजारात ढीग पडतो. ढिगाला भाव मिळतो तो ढिगाचाच. परवा फोनवर मी त्याला म्हटलं, बारा हजार वाचले ना, त्यातून या वर्षी फक्त बांधाजवळच्या तीस झाडांचा माल व्यापाऱ्याला देऊ नकोस. दोन बाया लाव, पिकेल तसा तीन वेळा तोड, देठासकट कात्रीनं काढ, आकारानं वेगळा कर आणि नागपुरात मी गिऱ्हाईक पाहते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी भाच्याचा निरोप आला की बाबांनी तीस झाडांना चुना लावून खूण केली आहे.

संपादक महोदय, ज्या घरांनी रोपं घेतली असतील त्यांनी ती बगीच्यात लावून पाणी वाया घालवू नये, एवढं कृपया छापावं. आणि आपल्या वर्तमानपत्रात चिखलदऱ्याच्या कॉफीवर पुढच्या वेळी काही येईल, तेव्हा बातमीदाराला एक प्रश्न नक्की विचारायला सांगावा: लाल फळ निवडून तोडणाऱ्या बाईला किलोमागे किती मिळाले? तो आकडा ठळक अक्षरात द्यावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर